झोपेची घडी बसवताना : सुरुवात सकाळपासून

रात्रीचे पावणेतीन. उड्डाणपुलावरून एखादा ट्रक घरघरत जातो, गल्लीतली कुत्री एकदाच भुंकून गप्प होतात आणि आपण पंख्याकडे बघत हिशोब मांडतो : आत्ता लागली तर सहापर्यंत सव्वातीन तास मिळतील. हा हिशोब मी दोन वर्षं मांडला. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये एकवीस वर्षं काढली, मग जनरल शिफ्ट मिळाली. वाटलं, आता सुखाने झोपू. नेमकी तेव्हाच झोप पळाली.

मग सगळे उपाय झाले. दूध, जायफळ, डोक्याला तेल, मित्राने खिशातून काढून दिलेली अर्धी गोळी. प्रत्येक उपाय तीन-चार दिवस लागू पडायचा आणि मग पुन्हा पंखा. शेवटी जे लागू पडलं ते इतकं साधं होतं की कुणाला सांगताना लाज वाटते : रोज एकाच वेळी उठायचं. बाकीचं सगळं, अगदी तळपायांवर चोळायची आईची काशाची वाटीसुद्धा, त्याच्या मागून कामाला आलं. म्हणून हा लेख रात्रीपासून सुरू न करता सकाळपासून सुरू करतोय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून शिकलेलं, वाचलेलं आणि स्वतःवर करून पाहिलेलं लिहितो आहे.

त्याआधी स्वतःला चार प्रश्न

घोरणं मोठ्याने आहे का, आणि मधेच श्वास अडकून दचकून जाग येते का? हे आपल्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. तसं असेल तर श्वासमार्ग झोपेत बंद होण्याचा आजार असू शकतो. त्याला जायफळ उपयोगाचं नाही, कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवून झोपेची तपासणी करावी लागते. रात्री पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही? रक्तातलं लोह तपासून घ्या, बायकांमध्ये हे बरेचदा निघतं. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ हा त्रास चाललाय? मग तो जुनाट निद्रानाश. पुढचे उपाय करायचेच, पण जाणकाराच्या देखरेखीखाली. आणि चौथा प्रश्न : पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडलेलं असतं का, कशातच रस उरलेला नाही का? तर झोप हे फक्त लक्षण आहे. त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी, मोफत क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन करायला काही कमीपणा नाही.

यातलं काही नसेल, किंवा दाखवून झालं असेल, तर पुढे.

पहिला आठवडा : काहीच बदलू नका, फक्त लिहा

दोनशे पानी वही नको, किराणावाल्याची छोटी डायरी पुरते. रोज सकाळी, रात्री नव्हे, सात गोष्टी टिपा : अंथरुणावर कधी टेकलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी, प्रत्यक्ष उठलात कधी, शेवटचा चहा कितीला आणि दुपारी डुलकी किती. अंदाज चालतो. अचूक लिहायच्या नादात रात्री घड्याळ बघत बसलात तर वहीच झोप खाईल. घड्याळ भिंतीवरून काढून ठेवा किंवा तोंड फिरवून ठेवा. मनगटावरचे पट्टे किती वेळ आडवे होतो हे बरं सांगतात. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, याचे त्यांचे आकडे फार मनावर घेऊ नका.

आठवड्याने एकच भागाकार करायचा. माझा असा निघाला : अंथरुणात रात्री दहा ते सकाळी साडेसहा, म्हणजे साडेआठ तास. त्यात झोप साडेपाच तास. शेकडा ६५. चांगल्या झोपेत हा आकडा ८५च्या वर असतो. म्हणजे माझी तक्रार ‘झोप कमी’ अशी होती आणि वही म्हणत होती की तू रोज तीन तास अंथरुणात नुसता पडून असतोस.

प्रौढ माणसाला साधारण सात तास किंवा थोडी जास्त झोप लागते. कुणाचं सहा-साडेसहात भागतं, कुणाला आठ लागतात. दुपारी बैठकीत डोळे मिटत नसतील, गाडी चालवताना पेंग येत नसेल, तर आकड्याच्या मागे लागू नका.

उठायची वेळ एकदा ठरली की ठरली

सगळ्या लेखात हीच पायरी महत्त्वाची, म्हणून जरा रेंगाळतो.

झोप दोन गोष्टींवर येते. एक, झोपेची भूक. जागे असताना मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितकी भूक जास्त. चार वाजता वडापाव हाणला की आठला ताट नको वाटतं, तसंच संध्याकाळी सोफ्यावर बातम्या बघत अर्धा तास डोळा लागला की रात्रीची भूक मेली. दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. ते पेशीपेशींत असतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. पण या सगळ्या घड्याळांना रोज किल्ली देणारं मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांमागच्या नसांच्या वरच्या बाजूला, आहे आणि ते मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळी डोळ्यांत उजेड गेला की ते लागतं, आणि त्यानंतर साधारण चौदा-सोळा तासांनी झोपेची तयारी सुरू करतं.

आता बघा : झोप कधी लागावी हे आपल्या हातात नाही. उठणं मात्र आहे. गजर लावून रोज सहाला उठता येतं. गजर लावून दहाला झोप आणता येत नाही. म्हणून हातात आहे ते टोक धरायचं.

वेळ अशी निवडा जी रविवारीही पाळता येईल. मी सहा ठेवली. रात्री कितीही वाईट गेली तरी सहा. रविवारी मिसळीचा बेत असला तरी सहा. उलट लवकर गेलात तर रांग कमी. सुट्टीला फार तर अर्ध्या तासाची सूट. दहापर्यंत लोळून ‘भरून काढलेली’ झोप रविवारी रात्री व्याजासकट वसूल होते, सोमवारी तर विचारूच नका.

उठल्यावर पहिल्या तासाभरात वीस-तीस मिनिटं बाहेर. गच्ची, अंगण, बाल्कनी चालेल. काचेआडून तेवढा गुण येत नाही. नाशिककरांना याला सबब नाही. गोदापार्क आहे, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोल्फ क्लबचं मैदान आहे, पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. चालायला होत नसेल तर बाकावर बसून राहा, डोळ्यांत उजेड जाण्याशी मतलब. सूर्याकडे टक लावायची नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा काय, असं मला एका काकूंनी विचारलं होतं. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर हजारो लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते पाचशे. छत्री घ्या नि निघा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य वर यायला सात वाजून जातात, तेव्हा सहाला उठणाऱ्यांनी आधी कामं उरकून सातनंतर बाहेर पडावं. कानटोपी विसरू नका.

अंथरूण फक्त झोपेसाठी

झोपेची वेळ आता अशी काढायची : उठायच्या वेळेतून वहीतली सरासरी झोप वजा करा, वर अर्धा तास द्या. माझी साडेपाच तास होती, म्हणून सहा तास. म्हणजे रात्री बारा. बायको म्हणाली, “अहो, झोप येत नाही म्हणून उशिरा झोपायचं? हे कुठलं औषध?” पण तेच औषध. पहिला आठवडा कठीण जातो, दुपारी जीव नकोसा होतो. मग आठ-दहा दिवसांत बारा वाजायची वाट बघवेनाशी होते आणि पाठ टेकली की झोप. आकडा ८५च्या वर टिकला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी झोपायला जायचं. मला बाराचे सव्वाअकरा व्हायला महिना लागला, आता मी तिथेच आहे.

दोन अटी. साडेपाच तासांच्या खाली कधी जाऊ नका. आणि फिट येणारे, मनाच्या चढ-उताराच्या आजारावर औषधं घेणारे, गर्भवती, तसंच ट्रक-बस किंवा क्रेनसारखं यंत्र चालवणारे यांनी ही पायरी डॉक्टरांना विचारूनच करावी. या सगळ्या पद्धतीला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत म्हणतात, आणि जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच द्यावी अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली.

दुसरा नियम : वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठा. खोलीबाहेर जा. अंथरुणात तळमळत पडलात की शरीर शिकतं, ही जागा तळमळायची. वन बीएचकेत, हॉलमध्ये आई-बाबा झोपलेले असताना जायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचो. देवघरातल्या छोट्या दिव्याएवढा उजेड, आणि लसूण सोलायचा. शेंगा, लसूण, गवार, काहीही कंटाळवाणं. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात सोललेला लसूण कधी संपला नाही. मोबाइल, हिशोबाची वही, ऑफिसचा मेल यांना बंदी. डोळे जड झाले की परत अंथरुणात. पुन्हा नाही लागली, पुन्हा लसूण.

अंथरुणात जेवण, अभ्यास, सिरीयल, भांडण हेही बंद. भांडायला हॉल आहे.

दुपारची वामकुक्षी घ्यायचीच तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून. आयुर्वेदातही दिवसा झोपण्याला मोकळीक आहे ती मुख्यतः उन्हाळ्यात, रात्री लहान असतात म्हणून. सुरुवातीच्या महिन्यात मात्र वामकुक्षी टाळलीत तर झोपेची भूक जपली जाईल.

चहाचं काय करायचं

चहा सोडा, असं सांगून मला कुणाचे शिव्याशाप नकोत. वेळ बदला. चहा-कॉफीतलं कॅफीन त्या अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. झोपेची भूक असते, पण कळत नाही. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे टपरीवर पाच वाजता घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री साडेदहाला अंगात फिरतंय. कुणाचं लवकर उतरतं, कुणाचं उशिरा, आणि वयाबरोबर झोप तशीही हलकी होते. “मी तर चहा पिऊन ढाराढूर झोपतो” म्हणणारे असतात. त्यांचीही झोप बरेचदा वरवरची होत असते, त्यांना पत्ता नसतो इतकंच.

दुपारी दोननंतर बंद. पाचच्या टोळक्यात हातात कप हवा असेल तर गवती चहा, आलं, तुळस उकळून घ्या, चहापूड न घालता. पहिले चार दिवस डोकं दुखेल, कारण दिवसाला सहा कप घेणाऱ्याने एकदम तोडलं की दुखतंच. म्हणून रोज एक कप कमी करा. कोला आणि एनर्जी ड्रिंक हेही याच हिशोबात.

जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. आमच्या मजल्यावरचं जैन कुटुंब सूर्यास्ताआधी जेवतं; तितकं नाही जमत, पण साडेआठ जमतात. रात्री तर्रीवाली मिसळ आणि लगेच आडवे, म्हणजे घशाशी आंबट येणं ठरलेलं. उपाशीही झोपू नका. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी नि पिठलं, ताकभात, झालं.

नाशिकमध्ये राहून वाईनचा विषय टाळला तर खोटेपणा होईल. ‘झोपेला एक ग्लास बरा’ हे गावात सर्रास ऐकू येतं. दारूने झोप लवकर लागते हे खरं. पण रात्रीच्या उत्तरार्धात ती झोप मोडते, स्वप्नांच्या झोपेची वाट लावते, घोरणं वाढवते. तीनला घसा कोरडा पडून जाग येते ती त्यामुळेच. कुठे पार्टीत घेतलीत तर जेवणाबरोबर लवकर उरका. औषध म्हणून नको, आणि झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नको, श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं.

खोली

अंधार, गारवा, शांतता. एप्रिल-मे सोडला तर नाशिकची रात्र गारच असते, तेवढं आपलं भाग्य. उन्हाळ्यात दिवसभर पश्चिमेकडच्या खिडक्या आणि पडदे बंद ठेवा, सूर्य मावळला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. वाड्यात होतो तेव्हा सगळी आळी गच्चीवर झोपायची. आजही वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं तर छत लवकर निवतं. पाणीकपात चालू नसेल तेव्हाच, अर्थात. डासांना कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी, धूरही नाही आणि पंख्याचा वारा लागतो. कापसाची गादी दगड झाली असेल तर पिंजून घ्या, महाग गादीच्या जाहिराती नंतर बघा.

आवाजाचं आपल्या हातात कमी असतं. लॉन्सजवळ राहणाऱ्यांना लग्नसराईत हे वेगळं सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही (सणासुदीला सरकार मोजक्या दिवसांची सूट देतं), आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ११२वर तक्रार करता येते. तोवर कापसाचे नाही, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घाला, आणि पंखा एक नंबर जास्त : एकसुरी घरघर बाकीचे आवाज झाकते.

झोपेआधीचा तास आणि काशाची वाटी

संध्याकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटं बसून उद्याच्या काळज्या कागदावर उतरवा. हप्ता, मुलीची फी, गॅस बुक करणे. प्रत्येकीसमोर उद्या करायची एक कृती. रात्री त्या आल्या की सांगायचं, तुमची नोंद झाली आहे.

झोपेआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. त्यातला निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दाबतो हे सगळ्यांनी ऐकलंय. माझ्या मते खरा गुन्हेगार उजेडापेक्षा सोसायटीचा ग्रुप आहे. पार्किंगवरचा वाद साडेदहाला वाचला की बारापर्यंत मनातल्या मनात उत्तरं चालतात. गजरासाठी दोनशे-तीनशे रुपयांचं साधं घड्याळ आणा.

मग गरम पाणी. झोपेच्या तास-दोन तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्याने आंघोळ, नाहीतर नुसते पाय बादलीत. गंमत अशी की यातून शरीर आतून थंड होतं. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर पडते हातापायांच्या तळव्यांतून. पाय गरम झाले, रक्तवाहिन्या रुंदावल्या, की उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली.

हे वाचलं तेव्हा मला आईची काशाची वाटी आठवली. ‘डोळ्यांची आग होते, झोप नाही’ म्हटलं की ती वाटी काढायची. पादाभ्यंग हे त्याचं भारदस्त नाव. वाटी खऱ्या काशाची हवी, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची. आमची जुन्या नाशकातल्या भांडी बाजारातून आणलेली आहे. नवी घेताना पितळेची माथी मारली जात नाही ना ते बघा. कासं वाजवलं की बराच वेळ घुमतं.

पाय धुऊन कोरडे करा. चमचाभर साजूक तूप किंवा खोबरेल, थंडीत तिळाचं तेल. आधी हाताने टाचेपासून बोटांपर्यंत चोळा, मग वाटीचा बुडाचा भाग तळव्यावर गोल गोल फिरवा. जोर नको, लय हवी. एका पायाला सात-आठ मिनिटं. स्वतःचं स्वतः करता येतं, पण दुसऱ्याने केलं तर मजा और. शेवटी जुन्या फडक्याने नीट पुसा आणि मोजे घाला, नाहीतर रात्री बाथरूमला जाताना फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडायचं. घरात म्हातारं माणूस असेल तर हे विसरू नका. मधुमेहाने पाय बधिर असतील, जखम किंवा भेग असेल, पायाच्या नसांत रक्ताची गाठ असेल तर वाटी नको.

तळव्यावर काळं येतं. ‘उष्णता बाहेर पडली’ असं म्हणतात. तेल, घाम आणि धातू घासले गेले की काळं येणारच, भिंतीवर घासून बघा. त्याचा उष्णतेशी संबंध लावायची गरज नाही. पंधरा मिनिटं मोबाइल हातात नाही, कुणीतरी पाय चोळतंय, तळवे गरम झालेत. एवढं पुरे.

दूध, जायफळ, अश्वगंधा

इथे लोकांच्या अपेक्षा सगळ्यात मोठ्या आणि माझं म्हणणं सगळ्यात छोटं. कोमट दूध घ्या, पोटाला बरं वाटतं. त्यात झोप आणणारं द्रव्य इतकं थोडं असतं की त्यावर भिस्त ठेवू नका. जायफळ चिमूटभरच, सहाणेवर दोन वेढे. ‘जास्त घातलं तर जास्त झोप’ हे इथे घातक आहे : चमचा-दीड चमचा पूड पोटात गेली तर छाती धडधडते, भास होतात, दवाखाना गाठावा लागतो. आणि एक आठवण करून देतो. कोजागरीला आपण जायफळ घातलेलं आटीव दूध पिऊनच मध्यरात्रीपर्यंत जागतो.

अश्वगंधेवर काही छोटे अभ्यास झाले आहेत, त्यांत झोपेला थोडा फायदा दिसतो. पण गरोदरपणात ती नको, थायरॉइडच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको, आणि यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. जटामांसी, ब्राह्मी, तगर यांचंही तेच. पंचवटीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, शहरात शिकलेल्या वैद्यांची वानवा नाही. नाडी दाखवा आणि मग घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेला काढा पिऊ नका.

श्वासाचं मात्र बिनधास्त करा. सावकाश नाकाने श्वास, मग त्याहून लांब उच्छ्वास, भ्रामरीसारखा गुंजारव करत. पाच-सात मिनिटं. भस्त्रिका-कपालभाती सकाळी, रात्री नाही. योगनिद्रा जमली तर उत्तम. ती शिकायला नाशिकसारखं गाव नाही, योगवर्ग गल्लोगल्ली आहेत.

गोळ्यांबद्दल दोन वाक्यं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, ती सवय लागते म्हणूनच. आधीपासून चालू असतील तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवून देतात.

पाळीवाले आणि द्राक्षवाले

वरचं वाचून अंबड-सातपूरचा नाईटवाला हसला असेल. त्याच्यासाठी वेगळं. पाळीला जायच्या आधी संध्याकाळी दीड तास झोप काढा. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात, तीननंतर नाही. सकाळी सुटल्यावर घरी येताना गडद गॉगल घाला. हसतील, हसू दे, तो उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ लागलं. मात्र डोळे मिटायला लागले असतील तर दुचाकी काढूच नका, कंपनीची बस घ्या किंवा वीस मिनिटं डुलकी काढून निघा. घरी खिडकीला काळं कापड, दारावर ‘नाईट आहे’ अशी पाटी आणि बेल बंद. पाळ्या फिरत्या असतील तर फर्स्ट, सेकंड, नाईट अशा क्रमाने फिरणं शरीराला सोपं जातं. सुपरवायझरला विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचं आणखी वेगळं. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्री येते, थंडीत पारा उतरला की बागेत पहाटेपर्यंत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे ‘रोज एकच वेळ’ म्हणणं म्हणजे चेष्टा. त्या आठवड्यांत दोन तुकड्यांत झोपा, पण त्यातला एक तुकडा, तीन-चार तासांचा, रोज त्याच वेळी ठेवा. आणि भावाभावांत रात्री वाटून घ्या.

बिघडल्यावर

बिघडणारच. लग्न, आजारपण, परीक्षा, सिंहस्थाच्या कामांची रात्रभर चालणारी यंत्रं. एका वाईट रात्रीने काही होत नाही. तिच्या भीतीने दुसऱ्या रात्री नऊलाच अंथरुणात शिरलात तर होतं. दुसऱ्या दिवशी गजर तोच, बाहेरचा उजेड तोच, चहा दोनपर्यंतच. रात्री ठरलेल्या वेळेआधी झोपायचं नाही.

माझी वही अजून चालू आहे, आता आठवड्यातून एकदाच लिहितो. गेल्या विसर्जनाच्या रात्री आमच्या चौकात ढोल उशिरापर्यंत होते आणि मीही त्यांच्यात होतो. त्या तारखेसमोर लिहिलंय, ‘साडेतीन तास, पाय दुखतात’. खालच्या ओळीत, ‘उठलो : सहा दहा’.